आज रोख, उद्या उधार : महाराष्ट्रातल्या सर्वपक्षीय नेत्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व पक्षांचे सन्माननीय नेते, आजी-माजी मंत्री, खासदार, आमदार आणि फ्लेक्सवरचे सर्व 'भावी'

सादर नमस्कार.

पत्रास कारण की, प्रत्येक निकालानंतर आपण चिंतन बैठक घेता. विषय आम्हीच असतो, पण बोलावणं आम्हाला नसतं. म्हणून हा कागद.

जून २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल लागला. ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, १७ महायुतीला. भाजप २३ वरून ९ वर आला. महायुतीच्या चिंतनातून निघालं की विरोधकांनी खोटं नरेटिव्ह पसरवलं. नोव्हेंबरात विधानसभेचा निकाल लागला. महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळून २३० आणि आघाडीच्या तिघांना मिळून ४६. आता आघाडीच्या चिंतनातून निघालं की मशीनमध्ये गडबड आहे. म्हणजे जूनमध्ये आम्हाला कुणीतरी फसवलं आणि नोव्हेंबरात आमची मतं कुणीतरी पळवली. दोन्ही वेळा आम्ही शुद्धीत होतो, विचार करून बटण दाबलं, आणि त्या विचारात आपल्याविषयीचा राग होता, ही शक्यता कुणाच्याच इतिवृत्तात आली नाही.

मी सोलापूर जिल्ह्यातला, जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. कुठल्याही पक्षाचा सभासद नाही. गावातल्या पारावर जे ऐकतो आणि नोकरीभर निवडणुकीच्या ड्यूटीत जे पाहिलं, तेवढंच माझं भांडवल.

आपल्या खासगी बैठकांत एक वाक्य हमखास असतं, 'लोक विसरतात हो.' कार्यकर्ते ते बाहेर येऊन आम्हालाच सांगतात. या वाक्याला पुरावे नाहीत असं नाही. उलट भरपूर आहेत, आणि ते आधी मांडतो, म्हणजे मी एकतर्फी लिहितोय असं वाटायला नको.

मे २०१७ मध्ये तुरीचा प्रश्न पेटला असताना भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे जालन्यात कार्यकर्त्यांसमोर शेतकऱ्यांबद्दल 'तरी रडतात साले' म्हणाले. गावोगावी पुतळे जळाले. दोनच वर्षांनी त्याच जालन्यातून ते तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. दुसरा पुरावा जून २०२२ चा. एकनाथ शिंदेंच्या बंडात शिवसेनेच्या पंचावन्न आमदारांपैकी चाळीस जण सुरतमार्गे गुवाहाटीला गेले. 'पन्नास खोके, एकदम ओके' ही घोषणा शाळेतली पोरंसुद्धा मधल्या सुट्टीत देत होती, मी स्वतः ऐकली आहे. त्या चाळिसातले बहुतेक जण २०२४ ला पुन्हा निवडून आले.

आमच्या शेजारच्या सांगोल्याचे शहाजीबापू पाटील पडले. 'काय झाडी, काय डोंगर, काय हाटील' हे अख्ख्या महाराष्ट्राला पाठ करून देणारे ते हेच. जिथून गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, त्या मतदारसंघात त्यांचे नातू बाबासाहेब देशमुख शेतकरी कामगार पक्षाकडून जिंकले. हा फुटीचा निकाल म्हणायचा का? मला म्हणवत नाही. लढत तिरंगी होती, दोन्ही शिवसेनांचे उमेदवार समोरासमोर होते, आणि बापू २०१९ लाच हजाराच्या आतल्या मतांनी कसेबसे आले होते. तेव्हा सांगोल्याचं उदाहरण देऊन टाळ्या घेणाऱ्यांनीही जरा सबुरीनं घ्यावं.

मग लोक विसरतात का? इथं साताऱ्याकडे वळतो, कारण साताऱ्यात जे घडलं ते आपण कुणीच नीट वाचलेलं नाही.

२०१९ च्या लोकसभेला उदयनराजे भोसले राष्ट्रवादीकडून सव्वा लाखाच्या आसपास मतांनी जिंकले. सप्टेंबरात त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि भाजपमध्ये गेले. ऑक्टोबरात विधानसभेबरोबरच पोटनिवडणूक लागली. शरद पवारांची पावसातली सभा सगळ्यांना आठवते, कारण फोटो चांगला आला. पण पाऊस पडला नसता तरी लोकांच्या मनात एक सरळ प्रश्न होता, पाच महिन्यांपूर्वी आम्ही तुम्हाला ज्या पक्षाकडून पाठवलं तो का सोडलात? उत्तर मतदानातून द्यायची सोय होती. सातारकरांनी ती वापरली आणि श्रीनिवास पाटील ऐंशी हजारांहून अधिक मतांनी आले. छत्रपतींच्या गादीविषयी त्या जिल्ह्यात किती माया आहे हे मी सांगायला नको, तरीही. पुढं २०२४ ला तेच उदयनराजे भाजपकडून तिथूनच सुमारे ३२ हजारांनी जिंकले. (त्या वेळी शरद पवारांच्या पक्षाच्या 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हाशेजारी नुसती 'तुतारी' घेऊन उभ्या असलेल्या अपक्षाला ३७ हजार मतं पडली, ही गोष्ट वेगळी. मतदारानं राग धरला तरी चिन्ह चुकतं.)

आपण याचा अर्थ काढलात, पाच वर्षांत सातारा विसरला. मी असा काढतो की साताऱ्याचा हिशोब २०१९ लाच चुकता झाला होता. राजीनामा दिला, लोकांसमोर आले, पडले, विषय मिटला. पुढच्या वेळी ते इतर कुठल्याही उमेदवारासारखे उमेदवार होते. मध्ये पक्षानं त्यांना राज्यसभेवर पाठवून पराभवाची झळ बरीच कमी केली हेही खरं, पण निदान एकदा मतदारांसमोर उभं राहून निकाल घेतला, एवढं श्रेय मी त्यांना देतो. गुवाहाटीला गेलेल्या चाळिसांपैकी कुणी राजीनामा देऊन आपल्या मतदारसंघात परत विचारायला आलं नाही. आम्हाला त्यांची गाठ पडली ती अडीच वर्षांनी. तोवर मधे कांदा आला, आरक्षण आलं, सोयाबीनचा भाव आला, लाडकी बहीण आली. फुटीबद्दलचं मत द्यायला वेगळी जागाच राहिली नव्हती.

हे फक्त एका पक्षाचं नाही. २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत महाराष्ट्रातला असा एकही मोठा पक्ष सापडणार नाही ज्याच्या मतदाराला आपलं मत कुठं गेलं हे सरळ सांगता येईल. भाजप-सेना युतीला मत देणाऱ्यांनी १६१ जागा दिल्या. सरकार सेनेनं दोन्ही काँग्रेसबरोबर केलं. त्याआधी एका पहाटे राष्ट्रवादीच्या मतदाराला जाग आली तेव्हा अजित पवार फडणवीसांबरोबर शपथ घेऊन मोकळे झाले होते. ते सरकार ऐंशी तास टिकलं. २७ जून २०२३ ला भोपाळमध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रवादीवर सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला आणि २ जुलैला त्याच पक्षाचे नऊ जण मुंबईत मंत्री झाले. भाजपच्या जुन्या मतदारानं त्या पाच दिवसांत काय करायचं होतं? आमच्या गावातला एक कट्टर कार्यकर्ता आठवडाभर चावडीकडं फिरकला नव्हता. काँग्रेसवाले हसत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले तेव्हा त्यांचंही हसू थांबलं.

शिवसेनेच्या फुटीवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ मे २०२३ ला आला. राज्यपालांचं चुकलं म्हणाले, पण ठाकऱ्यांनी आधीच राजीनामा दिल्यानं घड्याळ मागं फिरवता येत नाही असंही म्हणाले. विधानसभाध्यक्षांनी जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही गटांतलं कुणालाही अपात्र ठरवलं नाही. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला, आणि चाळीस वर्षांच्या त्या कायद्यानुसार महाराष्ट्रातल्या एवढ्या मोठ्या उलथापालथीत एकही माणूस दोषी नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला हे मी पोरांना कसं शिकवलं असतं, मला अजून कळत नाही. निवृत्ती वेळेवर आली.

गोव्याचे मराठी वाचक म्हणतील, तुमचं काय एवढं. खरं आहे. जुलै २०१९ मध्ये तिथल्या काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले. म्हणून २०२२ ला पक्षानं उमेदवारांना देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा घ्यायला लावल्या. निवडून आले अकरा. सप्टेंबरात त्यातले आठ गेले. पक्षांतरबंदीतून सुटायला दोन तृतीयांश आमदार लागतात. अकराचे दोन तृतीयांश सातपेक्षा थोडे जास्त, म्हणजे आठ. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. दिगंबर कामतांनी सांगितलं की आपण देवाला विचारूनच निर्णय घेतला. देवाला विचारलं, मडगावच्या मतदाराला विचारलं नाही.

आता माझ्या ड्यूटीतलं थोडं सांगतो, कारण 'लोक विसरतात' हे वाक्य मला तिथंच खोटं वाटायला लागलं.

मतदान केंद्रात बहुतेक वेळा मी तिसरा मतदान अधिकारी असायचो. कंट्रोल युनिट माझ्या पुढ्यात. मतदाराच्या बोटाची शाई बघायची, 'बॅलट'चं बटण दाबायचं, की 'बिझी'चा लाल दिवा लागतो. मतदार पुठ्ठ्याच्या आडोशामागं जातो, बटण दाबतो, व्हीव्हीपॅटच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, लांब बीप वाजतो, दिवा विझतो. मत कुणाला पडलं हे कळायला मार्ग नाही आणि नसावाच. पण दिवा किती वेळ पेटून राहतो ते कळतं. पूर्वी लोक ठरवून यायचे. आत गेला की बीप. एखादी म्हातारी चाचपडायची तेवढंच. अलीकडच्या निवडणुकांत चांगले धडधाकट, शिकलेले लोक आत जाऊन उभे राहायचे. दिवा पेटलेलाच. एजंट घड्याळाकडं बघायचे, केंद्राध्यक्ष घसा खाकरायचे. मग बीप यायचा आणि माणूस मान खाली घालून निघून जायचा.

२०२४ च्या विधानसभेला रांगेतल्या एका आजोबांनी मला दारातच विचारलं, "सर, ह्यातला कोण निवडून आल्यावर कुठं जाणार नाही तेवढं सांगा, त्याला देऊन टाकतो." म्हटलं, आजोबा, इथं बोलता येत नाही. तर म्हणाले, "म्हणजे तुम्हालाबी ठावं नाही म्हणा की." रांग हसली. पोलीसदादाही हसला. पण आजोबा आत गेले तेव्हा त्यांचाही लाल दिवा बराच वेळ पेटून होता.

ज्यानं सगळं विसरून टाकलं तो आडोशामागं एवढा वेळ उभा राहत नाही.

आपल्याला नकार कळत नाही म्हणून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं 'वरीलपैकी कोणीही नाही', म्हणजे नोटा, हे बटण आलं. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये धीरज देशमुख जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर हे बटण होतं, सत्तावीस हजारांहून अधिक मतं घेऊन. पलूस-कडेगावमध्ये विश्वजित कदमांच्या पाठोपाठही नोटाच, वीस हजारांहून अधिक. पेपरवाल्यांनी 'जनतेचा संताप' असे मथळे दिले. मी त्यात एवढा रमलो नाही. दोन्हीकडं युतीत जागा शिवसेनेला सुटली होती आणि तिथं वर्षानुवर्षं तयारी केलेले भाजपवाले हात चोळत बसले होते. त्यातला किती संताप जनतेचा आणि किती तिकीट न मिळालेल्यांचा, हे आपल्यापैकी स्थानिकांना चांगलं ठाऊक आहे. आमच्या रागाचं बटणसुद्धा तुम्ही एकमेकांविरुद्ध वापरून घेता, एवढंच त्यातून मी शिकलो. आणि एवढं करून नोटाला पहिला क्रमांक मिळाला असता तरी आमदार दुसऱ्या क्रमांकाचाच झाला असता. स्थानिक निवडणुकांत मात्र राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्येच सांगितलं होतं की नोटा पुढं असेल तर पुन्हा मतदान घ्यायचं.

पण त्या स्थानिक निवडणुका होत्या कुठं? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढं तीन वर्षांहून अधिक काळ तिथं आणि राज्यातल्या बहुतेक शहरांत प्रशासक. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, नगरपालिका, बहुतेक ठिकाणी तेच. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता हे मान्य. शेवटी मे २०२५ मध्ये न्यायालयालाच सांगावं लागलं, आता घ्या. दरम्यान गटार तुंबलं तर ओरडायचं कुणावर? नगरसेवक माणूस असतो. त्याच्या दारात उभं राहून चार शब्द सुनावता येतात, आणि मन हलकं होतं. प्रशासक कुलूप लावून सहा वाजता जातो. रागाला निघून जायला ही जी लहान लहान दारं होती, ती आपण बंद ठेवलीत. मग तो गावाच्या वेशीवर फलक होऊन उभा राहिला.

सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, आणि त्यानंतर मराठवाड्यापासून आमच्यापर्यंत शेकडो गावांनी पुढाऱ्यांना गावबंदी केली. 'चुलीत गेले नेते, चुलीत गेला पक्ष' असल्या ओळी कापडावर रंगवून कमानीला बांधल्या. ज्या जालन्यात 'साले' ऐकून घेऊन तीन लाखांचं मताधिक्य दिलं होतं, तिथं २०२४ ला दानवे लाखाहून अधिक मतांनी पडले. बीडला पंकजा मुंडे साडेसहा हजारांनी पडल्या. आरक्षणाच्या मागणीच्या बरं-वाईटात मी इथं जात नाही, त्याला वेगळं पत्र लागेल. पण हे घडलं कसं ते बघा. पक्षावर राग काढावा तर पक्ष सकाळी एका बाजूला, संध्याकाळी दुसऱ्या बाजूला. निवडणूक चिन्हावर काढावा तर तेच चिन्ह आता दुसऱ्याकडं. ज्याच्या भरवशावर चार माणसं एकत्र येऊन 'आम्ही' म्हणू शकतील अशी एकच गोष्ट जागेवर उरली, ती म्हणजे जात. ती कुठं सुरतेला जात नाही. मग समोरचेही आपापल्या जातीत एकवटले. एकाच बांधावरची माणसं एकमेकांच्या दुकानातला चहा सोडायला लागली. आता आपण व्यासपीठावरून 'जातीय सलोखा' म्हणता तेव्हा खालच्या माणसाला काय वाटत असेल!

आमच्याच जिल्ह्यातलं माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी. विधानसभेला आपल्या गावात पडलेल्या मतांचा आकडा गावाला पटेना म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या लोकांनी स्वतः मतपत्रिका छापून पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले, ते झालं नाही. मी मशीन हाताळलेला माणूस आहे. सकाळी एजंटांसमोर पन्नास मतांचं अभिरूप मतदान घेऊन, मोजून, पुसून मगच आम्ही सुरुवात करतो, त्यामुळं त्या गावाच्या शंकेशी मी सहमत नाही. शिवाय त्या मतदारसंघात ज्यांच्या बाजूचं गाव, तेच उमेदवार जिंकले होते! तरीही स्वतःच्या पैशानं मतपत्रिका छापाव्यात असं एका गावाला वाटावं, ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. तिथं दोन्हीकडचे बडे नेते भाषणं करून गेले. नंतर कोण गेलं?

आता पैशाचं. हेच लिहायला खरं तर बसलो होतो.

निकालानंतर आघाडीच्या काही मंडळींनी, आणि आमच्यातल्याच शहाण्यासुरत्या लोकांनी, असा सूर लावला की बायका लाडकी बहीण योजनेच्या महिना दीड हजारात विकल्या गेल्या. ज्यांनी कधी कुणाच्या बांधावर दिवसभर खुरपलं नाही त्यांनी दीड हजाराला 'फक्त' म्हणू नये, हे पहिलं. आणि दुसरं, नोव्हेंबर २०२४ मध्ये बाईसमोर काय काय होतं ते बघा. आघाडी म्हणत होती, आम्हाला निवडून द्या, महिन्याला तीन हजार देऊ. महायुती म्हणत होती एकवीसशे देऊ, पण तिच्या खात्यात जुलै ते नोव्हेंबरचे साडेसात हजार आधीच जमा होते. तिनं दुप्पट रकमेचं आश्वासन सोडून निम्मी रोकड निवडली.

किराणा दुकानात एक पाटी असते, 'आज रोख, उद्या उधार'. दुकानदार चिडलेला नसतो, शिवी देत नाही, हसून बोलतो. फक्त मागच्या गिऱ्हाइकांनी बुडवलेलं असतं. महाराष्ट्रातल्या मतदारानं आपल्या नावानं ही पाटी लावली आहे. जाहीरनामा म्हणजे उधारी, आणि आपली उधारी आता कुणी धरत नाही.

आणि पाटी लावली ते बरोबरच केलं, हे आपण लगेच सिद्ध करून दिलंत. मार्च २०२५ चा अर्थसंकल्प आला, एकवीसशे आले नाहीत. महायुतीनंच कर्जमाफीचा शब्द दिला होता. त्याच महिनाअखेरीस तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार म्हणाले, ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा. मताआधी हातात पडलं ते खरं, मतानंतर द्यायचं ते तेव्हा लांबणीवर पडलं. कांद्याचंही तसंच. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी घातली तेव्हा लासलगावच्या शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, रस्ता अडवला. काही हललं नाही. ४ मे २०२४ ला बंदी उठली. नाशिक-दिंडोरीचं मतदान २० मे ला होतं. तेही शेतकऱ्याला उशिराच वाटलं आणि दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार एका शिक्षकाकडून पडल्या. (आमच्या पेशातला माणूस म्हणून आम्हाला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.) मग विधानसभेच्या तोंडावर, सप्टेंबरात, किमान निर्यातमूल्य काढलं आणि शुल्क निम्म्यावर आणलं. शेतकरी काय शिकला? नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि नाक दाबायला पाच वर्षांत दोनदाच हात पोचतो.

लक्ष्मीदर्शनाचंही याच खात्यात लिहा. पूर्वी पाकीट गुपचूप यायचं आणि घेणारा मान खाली घालायचा. आता आदल्या रात्री लोक उघड विचारतात, "अजून आलं न्हाई का आपल्याकडं?" मी याचं समर्थन करत नाही, माझ्या डोळ्यांदेखत गावाची नियत बिघडली आहे. पण आपल्यापैकी जे म्हणतात की मतदारच भ्रष्ट झाला, त्यांना विचारतो, त्यानं दुसरं काय वसूल करायचं होतं? रस्ता? त्याचं कंत्राट कुणाकडं जातं ते त्याला माहीत आहे. विचार? तो कुठल्या पक्षात शिल्लक आहे? दोन्हीकडचं पाकीट घ्यायचं आणि मत तिसऱ्यालाच द्यायचं, असली माणसंही मला माहीत आहेत.

आणि जे काहीच घेत नाहीत ते बऱ्याचदा येतच नाहीत. राज्यात २०२४ च्या विधानसभेला सुमारे ६६ टक्के मतदान झालं, १९९५ नंतरचं सर्वांत जास्त. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीरला ८४ टक्क्यांच्या वर. आणि कुलाब्यात, जिथं मंत्रालय आणि विधान भवन आहे, तिथं ४५ टक्क्यांच्या आसपास. सगळ्यात जवळून आपल्याला बघणारे लोक सगळ्यात कमी येतात. यात मुंबईकराचा आळस किती, यादीतला घोळ किती, हे बाजूला ठेवूनसुद्धा.

राहता राहिलं नांदेड. अशोक चव्हाण भाजपमध्ये गेल्यावर लोकसभेला तिथं काँग्रेसचे वसंत चव्हाण जिंकले. वसंतरावांच्या निधनानंतर पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच, २० नोव्हेंबरला झाली. एकाच खोलीत दोन मशीन. लोकसभेच्या मशीनवर पुन्हा काँग्रेस, त्यांचे चिरंजीव, अवघ्या दीड हजाराच्या आतल्या फरकानं. विधानसभेच्या मशीनवर त्याच सहाही मतदारसंघांत महायुती. एकाच माणसानं, एकाच मिनिटात, दोन वेगळी उत्तरं दिली. सहानुभूती असेल, राग असेल, उमेदवार असेल, काय असेल ते असो. एवढं बारीक निवडणारा मतदार विसराळू असतो, हे मला पटवून द्या.

म्हणून मागणं एकच आहे, आणि ते फुकटात होण्यासारखं आहे. आपण पक्ष बदलू नका असं मी म्हणत नाही. विचार बदलतात, माणसं दुखावतात, चौकश्याही लागतात, सगळं समजतो. बदला. पण साताऱ्यासारखं करा. आधी आमदारकी सोडा, मग पक्ष सोडा, मग आमच्याकडं या. आम्ही ठेवायचं की पाडायचं ते बघू. कायदा बदलायची वाट बघायची गरज नाही. दोन तृतीयांशची पळवाट कायद्यानं दिली आहे, पण ती वापरलीच पाहिजे असं कुठं लिहिलंय? उमेदवारी अर्जासोबत आपले पक्ष दहा प्रकारचे कागद मागतात, पक्षनिधीची पावती मागतात. त्यात एक कागद वाढवा. 'मी ज्या चिन्हावर निवडून आलो ते सोडताना त्याच दिवशी अध्यक्षांकडे राजीनामा देईन.' खाली सही, आणि गावच्या कमानीला एक प्रत. देवळात नेऊ नका, गोव्यात देव पाहून झाले.

हा कागद कोणता पक्ष आधी काढतो ते आम्ही बघतो आहोत. तोवर रोखीनंच चालेल.

कळावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व मतदार, जिल्हा सोलापूर